मेंदूतील इन्शुलीन

मेंदूतील इन्शुलीन : मेंदूच्या ऊतकात (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या—पेशींच्या—समूहात) आणि मस्तिष्क-मेरुद्रवात (मेंदू व मेरुरज्जू यांच्या भोवती व आत असलेल्या द्रवात) आढळणारे इन्शुलीन हे हॉर्मोन. यातील बराच मोठा भाग अग्निपिंडात तयार होऊन रक्तावाटे मेंदूत पोहोचतो. याशिवाय मेंदूतील काही विशिष्ट कोशिका अल्प प्रमाणात इन्शुलीन स्वतः तयार करतात, असे प्राण्यांवरील संशोधनावरून दिसून आले आहे. या दोन्ही मार्गांनी उपलब्ध होणारे इन्शुलीन भूक, शरीराचे वजन, यकृतातील ग्लुकोजनिर्मिती, अन्नाविषयीची ओढ, स्मृती व मनःस्थिती यांवर परिणाम करते. इन्शुलीन म्हणजे केवळ रक्तातील साखर कमी करणारे द्रव्य, ही दीर्घकाळ रूढ असलेली समजूत या संशोधनामुळे अपुरी ठरली आहे. स्थूलता, मधुमेह व वार्धक्यातील स्मृतिभ्रंश या विकारांचा परस्परसंबंध समजून घेण्याच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे.

स्वरूप व सामान्य कार्य : इन्शुलीन हे ५१ ॲमिनो अम्लांचे लहान प्रथिन असून त्याच्या रेणूत २१ ॲमिनो अम्लांची ‘अ’ शृंखला व ३० ॲमिनो अम्लांची ‘ब’ शृंखला असते. या दोन शृंखला गंधकाच्या बंधांनी एकमेकींस जोडलेल्या असतात. अग्निपिंडातील लँगरहान्स द्वीपकांमधील बीटा कोशिका प्रथम प्रो-इन्शुलीन हा मोठा रेणू तयार करतात. त्यातील ‘सी’ पेप्टाइड हा जोडतुकडा वेगळा झाल्यावर क्रियाशील इन्शुलीन मिळते. जेवणानंतर रक्तातील ग्लुकोज वाढले की, इन्शुलीन स्रवते आणि त्याच्या प्रभावाने स्नायू व वसा ऊतक (चरबीयुक्त ऊतक) ग्लुकोज आत घेतात. यकृतातून ग्लुकोज बाहेर पडण्याची क्रियाही त्यामुळे मंदावते [⟶ इन्शुलीन, मधुमेह].

मेंदूची गोष्ट मात्र निराळी आहे. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या सु. २ टक्केच असते. परंतु विश्रांतीच्या स्थितीत शरीर खर्च करीत असलेल्या ऊर्जेपैकी सु. २० टक्के ऊर्जा तो वापरतो. ही ऊर्जा मुख्यत्वे ग्लुकोजापासून मिळते. मेंदूतील बहुतेक कोशिकांना ग्लुकोज आत घेण्यासाठी इन्शुलिनाची गरज नसते, कारण त्यांच्या पटलांवरील ग्लुकोजवाहक प्रथिने इन्शुलिनाविनाच कार्य करतात. उपाशी अवस्थेत इन्शुलीन कमी झाले, तरी मेंदूचा ग्लुकोजपुरवठा त्यामुळे तुटत नाही, हा या व्यवस्थेचा मोठा लाभ होय. याच कारणामुळे मेंदूला ‘इन्शुलीन-निरपेक्ष’ इंद्रिय मानण्याचा प्रघात पडला. मेंदूत इन्शुलीन प्रामुख्याने इंधनाचा वाटाड्या म्हणून येत नसून शरीरातील ऊर्जासाठ्याची वर्दी देणारा संदेशवाहक म्हणून येते, हे ध्यानात येण्यास पुष्कळ काळ जावा लागला.

इतिहास : मेंदू व शर्करेचा चयापचय (शरीरात सतत होणारे भौतिक व रासायनिक बदल) यांच्यातील संबंधाचा पहिला प्रायोगिक पुरावा इन्शुलिनाच्या शोधाच्या पुष्कळ आधीचा आहे. फ्रेंच शरीरक्रियावैज्ञानिक क्लोद बेर्नार यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे आढळले की, प्राण्याच्या मेंदूतील चौथ्या विवराच्या (पोकळीच्या) तळाशी सुईने टोचल्यास त्याच्या मूत्रात तात्पुरती साखर येऊ लागते. पुढे १९२१ मध्ये टोराँटो येथे एफ्. जी. बँटिंग व सी. एच्. बेस्ट यांनी जे. जे. आर्. मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत अग्निपिंडाच्या अर्कातील क्रियाशील द्रव्याचा शोध लावला. जे. बी. कॉलिप यांनी केलेल्या शुद्धीकरणानंतर १९२२ च्या जानेवारीत ते मधुमेही रुग्णावर यशस्वीपणे वापरण्यात आले. या यशामुळे मधुमेहाच्या अभ्यासाचा रोख अग्निपिंडाकडे वळला व मेंदूचा विचार काही दशके मागे पडला.

दरम्यान भुकेच्या नियंत्रणाचा अभ्यास स्वतंत्रपणे चालू होता. १९४० मध्ये ए. डब्ल्यू. हेदरिंग्टन व एस्. डब्ल्यू. रॅन्सन यांनी उंदरांच्या अधोथॅलॅमसाच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या, शरीरांतर्गत समतोल राखणाऱ्या भागाच्या) विशिष्ट जागी इजा केली असता ते अतिस्थूल होतात, असे दाखविले. भारतीय शरीरक्रियावैज्ञानिक बाल कृष्ण आनंद यांनी जे. आर्. ब्रोबेक यांच्यासमवेत येल विद्यापीठात केलेल्या व १९५१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत याच्या उलट प्रकार आढळला. अधोथॅलॅमसाच्या बाह्य पार्श्वभागास दोन्ही बाजूंनी इजा केल्यास समोर अन्न असूनही प्राणी ते खात नाहीत व अखेर उपासमारीने मरतात. यावरून अधोथॅलॅमसात ‘तृप्तिकेंद्र’ व ‘क्षुधाकेंद्र’ अशी दोन केंद्रे असल्याची कल्पना पुढे आली. आनंद पुढे नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाविज्ञानाचे विभागप्रमुख होते. केंद्रांची ही कल्पना आता बरीच बदलली असून स्वतंत्र केंद्रांऐवजी परस्परांशी जोडलेल्या तंत्रिका कोशिकांच्या जालकांचा विचार केला जातो. तथापि पुढील संशोधनाची दिशा या प्रयोगांनीच ठरविली.

या केंद्रांना शरीरातील ऊर्जासाठ्याची माहिती कशी मिळते, हा प्रश्न शिल्लक होता. झां मेयर यांनी ती रक्तातील ग्लुकोजाच्या वापरावरून मिळत असावी असे, तर जी. सी. केनेडी यांनी १९५३ मध्ये ती वसेच्या साठ्यातून निघणाऱ्या एखाद्या द्रव्यावरून मिळत असावी असे सुचविले. रक्तातील इन्शुलिनाचे प्रमाण जेवणागणिक कमीजास्त होत असले, तरी त्याची सरासरी पातळी शरीरातील वसेच्या प्रमाणाशी निगडित असते. त्यामुळे असे संदेशद्रव्य म्हणून इन्शुलिनाकडे लक्ष गेले.

आर्. एस्. यॅलो व एस्. ए. बर्सन यांनी विकसित केलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षा आमापन पद्धतीमुळे इन्शुलिनाच्या अत्यल्प राशीही मोजता येऊ लागल्या (या कार्याबद्दल यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले). १९६७ मध्ये आर्. यू. मार्गोलिस व एन्. आल्टशूलर यांनी कुत्र्यांच्या मस्तिष्क-मेरुद्रवात इन्शुलीन असल्याचे दाखविले. १९७८ मध्ये जे. हाव्ह्रांकोव्हा, जे. रॉथ व एम्. जे. ब्राउनस्टाइन यांना उंदराच्या मेंदूत सर्वदूर इन्शुलिनाचे ग्राही (हॉर्मोनाचा रेणू ज्यास जोडला जातो अशी कोशिकापटलावरील प्रथिने) आढळले. अधोथॅलॅमस व घ्राणकंद (वासाचे संदेश प्रथम स्वीकारणारा भाग) येथे ते विशेष होते. पाठोपाठ १९७९ मध्ये एस्. सी. वुड्स, डी. पोर्ट व त्यांचे सहकारी यांनी बॅबून माकडांच्या मस्तिष्क विवरांत इन्शुलिनाचा सतत सूक्ष्म पुरवठा केला. तेव्हा त्यांचे खाणे व वजन कमी झाले. शरीरात वसा साठविण्यास मदत करणारे हॉर्मोन मेंदूत मात्र खाणे आवरते घेण्याचा संदेश देते, ही विसंगती या प्रयोगाने ठळकपणे पुढे आणली.

विसंगतीचा उलगडा : मधुमेही रुग्णास इन्शुलिनाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) जास्त प्रमाणात दिले गेल्यास त्यास तीव्र भूक लागते, हा नेहमीचा अनुभव आहे. मेंदूतील इन्शुलीन भूक कमी करते, या विधानाशी तो वरवर विसंगत वाटतो. परंतु या भुकेचे कारण रक्तातील ग्लुकोज एकाएकी घटणे हे असते. ग्लुकोजाची टंचाई हा मेंदूच्या दृष्टीने संकटाचा इशारा असल्यामुळे अन्य सर्व संदेश त्यापुढे गौण ठरतात. विवरांत थेट दिलेले अल्प इन्शुलीन रक्तातील ग्लुकोज घटवीत नाही. त्यामुळे त्याचा स्वतःचा परिणाम निखळपणे दिसून येतो. शरीराच्या बाह्य भागांतील व मेंदूतील इन्शुलीन यांची कार्ये अशा प्रकारे एकमेकांना पूरक आहेत. एक अन्न साठविते, तर दुसरे साठा पुरेसा झाल्याचे कळविते.

मेंदूतील इन्शुलिनाचे उगमस्थान : हाव्ह्रांकोव्हा व सहकाऱ्यांनी १९७८ मध्येच उंदराच्या मेंदूत रक्तद्रवापेक्षा सरासरी २५ पट इन्शुलीन असल्याचे नमूद केले. बीटा कोशिका नष्ट करून मधुमेही बनविलेल्या उंदरांत व रक्तात इन्शुलीन पुष्कळ असलेल्या स्थूल उंदरांत मेंदूतील प्रमाण फारसे बदलत नाही, असेही त्यांना आढळले. त्यावरून मेंदू स्वतःचे इन्शुलीन स्वतः तयार करतो, असा निष्कर्ष निघत होता. परंतु नंतरच्या अनेक मापनांत मेंदूतील प्रमाण पुष्कळच कमी भरले आणि ते रक्तातील पातळीनुसार बदलते असे दिसून आले. येथून या विषयातील दीर्घ वादास प्रारंभ झाला.

मेंदूत निर्मिती होत नाही असे मानणाऱ्यांचे मुख्य आक्षेप पुढीलप्रमाणे होते : (१) मापनास वापरलेली प्रतिपिंडे इन्शुलिनासारख्या अन्य प्रथिनांनाही चिकटू शकतात. (२) प्रयोगशाळेत कोशिका वाढविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवात इन्शुलीन घातलेले असते व कोशिका ते शोषून घेतात. त्यामुळे कोशिकेत इन्शुलीन सापडणे म्हणजे तिने ते तयार केले असे सिद्ध होत नाही. (३) रक्तातील इन्शुलीन मेंदूत येण्याचा मार्ग उपलब्ध आहे. यांपैकी तिसरा मुद्दा विशेष महत्त्वाचा ठरला. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भित्ती अनेक मोठ्या रेणूंना आत येऊ देत नाहीत. यास रक्त-मस्तिष्क रोध म्हणतात. इन्शुलीन या भित्तींतून नुसते झिरपत नाही, तर विशिष्ट वाहक यंत्रणेद्वारे पार जाते, असे १९९३ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसून आले. ही यंत्रणा ठराविक मर्यादेपर्यंतच इन्शुलीन वाहून नेऊ शकते. मेंदूतील बहुतांश इन्शुलीन अग्निपिंडातून येते, हे मत त्यामुळे दृढ झाले.

मेंदूतील निर्मितीचा निर्णायक पुरावा म्हणजे इन्शुलिनाच्या जनुकाची तेथील क्रियाशीलता होय. माणसात इन्शुलिनाचे एकच जनुक असून ते अकराव्या गुणसूत्रावर असते; उंदीरवर्गीय प्राण्यांत अशी दोन जनुके असतात व त्यांपैकी दुसरे मेंदूतही कार्य करते. या जनुकापासून तयार होणारा संदेशवाहक आरएनए तंत्रिका कोशिकांत सापडला, तर ती कोशिका इन्शुलीन बनवीत असल्याचे मानता येते, कारण हा रेणू रक्तातून शोषला जाण्याची शक्यता नसते. एकेका कोशिकेतील अशा रेणूंचा शोध घेण्याच्या नव्या पद्धतींमुळे पुढील स्थाने निश्चित होत गेली आहेत.

(अ) प्रमस्तिष्क बाह्यक (मेंदूच्या सर्वांत मोठ्या भागाचा बाहेरील थर) : उंदराच्या बाह्यकातील एका विशिष्ट प्रकारच्या निरोधक तंत्रिका कोशिकांत इन्शुलिनाचा संदेशवाहक आरएनए असल्याचे २०१४ मध्ये हंगेरीतील सेगेड येथील संशोधकांनी दाखविले. सभोवतालचे ग्लुकोज वाढले की, या कोशिकांतून इन्शुलीन बाहेर पडते व शेजारील अनुबंधनांची (दोन तंत्रिका कोशिकांमधील संपर्कस्थानांची) क्रियाशीलता मंदावते. म्हणजे बीटा कोशिकांप्रमाणेच याही कोशिका ग्लुकोजाची दखल घेतात. मात्र त्यांचे इन्शुलीन सर्व शरीरात न पसरता आसपासच कार्य करते.

(आ) अधोथॅलॅमस : २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार उंदराच्या अधोथॅलॅमसातील परिविवरीय केंद्रकात इन्शुलीन तयार करणाऱ्या तंत्रिका कोशिका असतात. प्राण्यास जखडून ठेवून ताण दिल्यास त्यांतील निर्मिती घटते व परिणामी पोष ग्रंथीतून स्रवणारे वृद्धी हॉर्मोन कमी होते. लहान वयाच्या उंदरांत हा ताण दीर्घकाळ चालू राहिल्यास त्यांची वाढ खुंटते. याच केंद्रकात इन्शुलिनाची निर्मिती कृत्रिम रीत्या वाढविल्यास ती खुंटत नाही.

(इ) मस्तिष्क विवरांतील वाहिनीजालक : मस्तिष्क-मेरुद्रव स्रवणाऱ्या या जालकातील उपकला कोशिकाही (आवरण बनविणाऱ्या कोशिकाही) इन्शुलीन तयार करतात, असे २०१९ मध्ये दिसून आले. त्यांना ते बाहेर सोडण्याचा आदेश ग्लुकोजाऐवजी सेरोटोनीन या तंत्रिका संदेशवाहकाकडून मिळतो.

(ई) अन्य स्थाने : हिप्पोकँपस (स्मृतीशी संबंधित भाग) व घ्राणकंद यांतील, प्रौढ वयातही नव्या तंत्रिका कोशिका निर्माण करणाऱ्या मूळ कोशिकांत, तसेच लंबमज्जेच्या वरच्या बाजूस असलेल्या प्राणेशा तंत्रिकेच्या केंद्रकसमूहातही इन्शुलिनाचे जनुक क्रियाशील असते.

भुकेचे नियंत्रण : इन्शुलिनाचे भुकेवरील कार्य मुख्यत्वे अधोथॅलॅमसाच्या चापाकार केंद्रकात चालते. येथे परस्परविरोधी कार्य करणाऱ्या तंत्रिका कोशिकांचे दोन संच असतात. पहिल्या संचातील कोशिका न्यूरोपेप्टाइड वाय व अगूटी-संबंधित पेप्टाइड ही द्रव्ये स्रवतात व त्यामुळे भूक वाढते. दुसऱ्या संचातील कोशिका प्रो-ओपिओमेलॅनोकॉर्टिन या मोठ्या रेणूपासून आल्फा-मेलॅनोसाइट उद्दीपक हॉर्मोन तयार करतात व त्यामुळे भूक शमते. इन्शुलीन पहिल्या संचास आवर घालते. ग्राहीस जोडले गेल्यावर ते कोशिकेत विक्रियांची एक साखळी सुरू करते. तिच्या परिणामी पटलातील विशिष्ट पोटॅशियम मार्गिका उघडतात व कोशिकेचे विद्युत् उद्दीपन घटते. दुसऱ्या संचातील निरनिराळ्या कोशिकांवर त्याचा परिणाम एकसारखा नसतो; काही कोशिका उद्दीपित होतात, तर काही मंदावतात. वसा ऊतकात तयार होणारे व १९९४ मध्ये शोधले गेलेले लेप्टिन हे हॉर्मोन याच केंद्रकात, अंशतः याच मार्गाने, कार्य करते.

या कार्याचे महत्त्व ग्राही नष्ट करून तपासता येते. जे. सी. ब्रूनिंग व सहकाऱ्यांनी २००० मध्ये केवळ तंत्रिका कोशिकांत इन्शुलिनाचा ग्राही नसलेले उंदीर जनुकीय तंत्राने तयार केले. त्यांच्या मेंदूची घडण सर्वसाधारण होती. परंतु मादी उंदरांचे खाणे वाढले. वसायुक्त आहार दिल्यावर नर व मादी दोघेही लठ्ठ झाले आणि त्यांची प्रजननक्षमताही घटली. शरीरातील ऊर्जासाठा पुरेसा असल्याची वर्दी मेंदूस न मिळाल्यास केवळ भूकच नव्हे, तर संततिनिर्मितीसारखे खर्चिक कार्यही बाधित होते, हे यावरून दिसते. अधोथॅलॅमसातील इन्शुलिनाचे कार्य रोखल्यास यकृतातील ग्लुकोजनिर्मितीवरील नियंत्रणही सैल पडते, असे २००२ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत आढळले. बेर्नार यांच्या जुन्या निरीक्षणाशी या निष्कर्षाचे नाते उघड आहे.

येथपर्यंत वर्णन केलेले परिणाम अग्निपिंडातून आलेल्या इन्शुलिनाचेही असू शकतात. मेंदूतच तयार झालेल्या इन्शुलिनाचा भुकेवर स्वतंत्र परिणाम होतो काय, हे पाहण्यासाठी के. पी. स्किबिका व सहकाऱ्यांनी पश्चमस्तिष्कातील प्राणेशा तंत्रिकेच्या केंद्रकसमूहाचा अभ्यास केला. तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. जठर व आतडी यांतून येणारे भरलेपणाचे संदेश प्रथम याच भागात पोहोचतात. तेथील इन्शुलीन तयार करणाऱ्या कोशिका प्रकाशसंवेदी प्रथिनाच्या साहाय्याने, प्रकाशाचा झोत टाकून उद्दीपित केल्या असता उंदीर कमी खाण्याऐवजी जास्तच खाऊ लागले. इन्शुलिनाचा ग्राही रोखणारे द्रव्य मेंदूत दिल्यावर हा परिणाम नाहीसा झाला. यावरून तो इन्शुलिनामुळेच होत असल्याचे सूचित झाले. उलट, याच भागातील जनुकाची क्रियाशीलता कमी केली असता नेहमीच्या आहारावरील उंदरांत फरक पडला नाही. परंतु वसायुक्त आहारावरील उंदरांचे खाणे घटले. त्यांचे वजन मात्र घटले नाही. शरीराची उष्णतानिर्मिती त्याच सुमारास कमी झाल्याने खर्चातही बचत झाली असावी, असे मानले जाते. स्थूल उंदरांच्या अधोथॅलॅमसात इन्शुलिनाच्या जनुकाची क्रियाशीलता घटलेली, तर पश्चमस्तिष्कात ती वाढलेली आढळली. एकाच द्रव्याचा परिणाम ते मेंदूच्या कोणत्या भागात व कोणत्या कोशिकांजवळ सोडले जाते यावर अवलंबून असतो, हा या संशोधनाचा मुख्य निष्कर्ष होय. ‘मेंदूतील इन्शुलीन भूक कमी करते’ हे विधान त्यामुळे सरसकट करता येत नाही.

वर्तनावरील परिणाम : खाण्याची क्रिया केवळ ऊर्जेच्या गरजेतून होत नाही. पोट भरल्यावरही गोड पदार्थ खाण्याची इच्छा होते, ती मेंदूतील सुखसंवेदनेच्या यंत्रणेमुळे. या यंत्रणेत मध्यमस्तिष्कातील डोपामीन स्रवणाऱ्या तंत्रिका कोशिका प्रमुख असून त्यांच्यावर इन्शुलिनाचे ग्राही असतात. मध्यमस्तिष्कात इन्शुलीन या कोशिकांकडे येणारे उद्दीपक संदेश क्षीण करते व रुचकर अन्नाची ओढ कमी करते, असे २०१३ मधील प्रयोगांत आढळले. याउलट, याच कोशिकांचे तंतू जेथे संपतात त्या रेखित पिंडात इन्शुलिनामुळे डोपामिनाचे विमोचन वाढते, असे २०१५ मध्ये दिसून आले. अन्नाच्या चवीचा व त्यापासून मिळणाऱ्या पोषणाचा संबंध जोडून ते लक्षात ठेवण्यास या दुसऱ्या क्रियेची मदत होत असावी.

तंत्रिका कोशिकांत ग्राही नसलेल्या उंदरांत वय वाढल्यावर चिंता व खिन्नता यांच्याशी मिळतेजुळते वर्तन दिसू लागते. त्यांच्या मेंदूत डोपामिनाचे विघटन करणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एंझाइम वाढलेले असते व ते रोखणारी औषधे दिल्यास वर्तन सुधारते (२०१५). तंत्रिका कोशिकांना आधार व पोषण देणाऱ्या ताराकोशिकांतील ग्राही नष्ट केल्यासही असेच परिणाम दिसून येतात. मधुमेही व्यक्तींमध्ये खिन्नतेचे प्रमाण अधिक का आढळते, या प्रश्नावर अशा प्रयोगांमुळे काही प्रकाश पडतो. तथापि दीर्घकालीन आजाराचा मानसिक भार हेही त्याचे एक कारण असल्याने प्राण्यांवरील निष्कर्ष माणसास जसेच्या तसे लागू करणे योग्य नाही.

मानवावरील संशोधन : माणसाच्या मस्तिष्क विवरांत इन्शुलीन देऊन प्रयोग करणे शक्य नसते. नाकावाटे फवारलेले इन्शुलीन घ्राणतंत्रिकांलगतच्या मार्गाने, रक्तातील ग्लुकोजावर फारसा परिणाम न करता, अर्ध्या तासाच्या आत मस्तिष्क-मेरुद्रवात पोहोचते, असे २००२ मध्ये जर्मनीतील जे. बॉर्न व सहकाऱ्यांनी दाखविल्यापासून ही अडचण बरीचशी दूर झाली. २००४ मध्ये निरोगी व्यक्तींना आठ आठवडे रोज १६० एकक इन्शुलीन याप्रमाणे देण्यात आले. पुरुषांचे वजन सरासरी सव्वा किग्रॅ.हून थोडे अधिक घटले व घट मुख्यतः वसेची होती. स्त्रियांची वसा घटली नाही. दुसऱ्या काही चाचण्यांत शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता व मनःस्थिती सुधारल्याचे आढळले. स्त्री-पुरुषांतील हा फरक स्त्रीमदजन हॉर्मोनांशी (ईस्ट्रोजेनांशी) निगडित असावा.

इन्शुलिनाचे प्रमाण पुरेसे असूनही ऊतकांनी त्यास योग्य प्रतिसाद न देणे यास इन्शुलीनरोध म्हणतात. स्नायू व यकृत यांप्रमाणे मेंदूतही असा रोध निर्माण होतो. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे झालेल्या दीर्घकालीन अभ्यासानुसार (२०२०), ज्यांचा मेंदू इन्शुलिनास चांगला प्रतिसाद देतो, त्यांचे वजन आहार व व्यायाम यांच्या योगे अधिक घटते व पोटाच्या पोकळीतील वसाही कमी राहते. त्याच गटाच्या २०२५ मधील अभ्यासात निरोगी, सडपातळ तरुणांना नेहमीच्या आहाराखेरीज पाच दिवस गोड व वसायुक्त खाद्यपदार्थ देण्यात आले. त्यांच्या वजनात लक्षणीय वाढ झाली नाही. परंतु यकृतातील वसा वाढली व मेंदूच्या इन्शुलीन-प्रतिसादात बदल झाला आणि नेहमीचा आहार पुन्हा सुरू केल्यानंतर एका आठवड्यानेही तो प्रतिसाद पूर्ववत झाला नव्हता. लठ्ठपणा दिसू लागण्यापूर्वीच मेंदूतील नियंत्रण ढळू लागते, असे यावरून सूचित होते. स्थूल व्यक्तीस ‘मनोनिग्रह नाही’ असा दोष देण्याची सार्वत्रिक प्रवृत्ती या दृष्टीने तपासून पाहणे अगत्याचे आहे. तृप्तीचा संदेश ज्याच्या मेंदूत क्षीण झालेला असतो, त्याला तेवढ्याच अन्नाने इतरांइतके समाधान मिळत नाही.

आल्त्सहायमर रोग या स्मृतिभ्रंशाच्या प्रमुख प्रकारात रुग्णांच्या मेंदूत इन्शुलीनरोधाची चिन्हे आढळतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात स्मृतिभ्रंशाचा धोकाही वाढतो. यामुळे काहींनी २००५ पासून या रोगास ‘तिसऱ्या प्रकारचा मधुमेह’ असे संबोधले आहे. मात्र हे नाव सर्वमान्य नाही. नाकावाटे दिलेल्या इन्शुलिनाने अशा रुग्णांच्या स्मृतीत सुधारणा झाल्याचे २०१२ मधील एका छोट्या चाचणीत आढळले होते. परंतु २८९ व्यक्तींचा समावेश असलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वर्षभराच्या चाचणीत अपेक्षित लाभ दिसून आला नाही. या चाचणीत फवारणीचे उपकरण मध्येच बदलावे लागले होते; त्यामुळे औषध निरुपयोगी ठरले की, ते योग्य जागी पोहोचलेच नाही, याचा निर्णय झालेला नाही. सध्या हा उपचार प्रायोगिक अवस्थेतच आहे.

क्रमविकासातील स्थान : मेंदू इन्शुलीन तयार करतो, ही गोष्ट सस्तन प्राण्यांच्या संदर्भात अनपेक्षित वाटली, तरी प्राणिसृष्टीचा एकंदर विचार करता ती नवीन नाही. कीटकांना अग्निपिंड नसते. त्यांच्यात इन्शुलिनासारखी पेप्टाइडे प्रामुख्याने मेंदूतील तंत्रिका कोशिकाच तयार करतात. रेशीम किड्याच्या पतंगांच्या डोक्यांपासून जपानी शास्त्रज्ञांनी वेगळे केलेले बाँबिक्सिन हे द्रव्य इन्शुलिनाच्या कुलातील असल्याचे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. फळमाशीच्या मेंदूतील अशा मोजक्या कोशिका नष्ट केल्यास तिची वाढ खुंटते व शरीरद्रवातील शर्करा वाढते, म्हणजेच मधुमेहासारखी अवस्था निर्माण होते, असे २००२ मध्ये दाखविण्यात आले. तिच्या अळीत इन्शुलिनासारख्या पेप्टाइडांचे कार्य वाढविल्यास भुकेल्या अवस्थेतील अधाशीपणाही कमी होतो. पोषणाच्या स्थितीनुसार वाढ व वर्तन यांना वळण देणे, हे या रेणुकुलाचे प्राचीन कार्य असावे. पृष्ठवंशी प्राण्यांत त्याच्या निर्मितीची मुख्य जबाबदारी पुढे अग्निपिंडाकडे गेली असावी व मेंदूतील अल्प निर्मिती हा जुन्या व्यवस्थेचा अवशेष असावा, असा तर्क करता येतो.

माणसाच्या मेंदूत स्थानिक रीत्या तयार होणाऱ्या इन्शुलिनाचा वाटा नेमका किती, हा या विषयातील मुख्य प्रश्न अजून सुटलेला नाही. वर वर्णन केलेला पुरावा बहुतांशी उंदरांवरील प्रयोगांतून मिळालेला आहे. शंभर वर्षांपूर्वी इन्शुलिनामुळे मधुमेही मुलांचे प्राण वाचू लागले, ते रक्तातील साखरेवर ताबा मिळविता आल्यामुळे. स्थूलता व दुसऱ्या प्रकारचा मधुमेह यांच्यावर मूलगामी उपाय शोधताना मात्र रक्ताबरोबरच मेंदूचाही विचार करावा लागेल, हे आतापर्यंतच्या संशोधनाने स्पष्ट केले आहे.